नारळ दर्याला, दोर सभासदाला

आज नारळी पौर्णिमा. कुलाब्याच्या कोळीवाड्यापासून वरळी, माहीम, वेसाव्यापर्यंत सोनेरी कागदात मढवलेले नारळ वाजतगाजत निघतील आणि दर्याला अर्पण होतील. पावसाळी मासेमारीबंदी उठली आहे, जाळी शिवून झाली आहेत, बोटींना रंगाचा शेवटचा हात बसला आहे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांचे वर्ष आज सुरू होते.

याच किनाऱ्यावर आणखी एक दृश्य आहे. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेटवेच्या आसपास आणि कुलाब्याच्या टोकाला शिडाच्या होड्यांचे जे क्लब आहेत, त्यांच्या होड्या अजून जमिनीवरच आहेत. पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढलेल्या, ताडपत्रीखाली झाकलेल्या, डोलकाठ्या उतरवून शेजारी आडव्या रचलेल्या. त्या पाण्यात उतरायला ऑक्टोबर उजाडेल. तोवर सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई आणि दुपारचा समुद्रावरून येणारा खारा वारा घड्याळ लावल्यासारखे वाहू लागतात आणि मुंबई बंदरात शीड उभारण्यात अर्थ येतो. मधले दोन महिने हे अशा क्लबांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस. क्लब कसा चालवायचा, सभासद कसे टिकवायचे आणि त्यांना पाण्याकडे कसे वळवायचे, हे प्रश्न विचारायचे तर आजच्याइतका योग्य दिवस नाही.

समुद्राचा विषय निघाला की मराठी अग्रलेखाने दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात कान्होजी आंग्र्यांना बोलावून आणायचे, असा संकेत आहे. आज त्यांना विश्रांती देऊ. आजचा विषय आरमाराचा नाही, हौसेचा आहे. आणि हौस टिकवणे हे आरमार टिकवण्याहून अवघड काम असते, कारण हौसेच्या माणसाला पगार नसतो, हुकूम नसतो आणि रविवारी सकाळी अंथरुणात पडून राहायची पूर्ण मुभा असते.

अशा एका क्लबाच्या वार्षिक सभेला पाहुणा म्हणून बसण्याचा योग काही वर्षांपूर्वी आला. नाव सांगण्याचे कारण नाही. ते कोणत्याही क्लबाचे असू शकले असते. जेवणघरातल्या माशाच्या ताटाचा दर या विषयाला पाऊण तास मिळाला. वाहने उभी करण्याच्या जागेला अर्धा तास. पाहुण्यांच्या खोल्यांतल्या पडद्यांवर दोन ज्येष्ठ सभासद एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहत सेलिंगचा अहवाल वाचायला सांगितले. तो चार ओळींचा होता. गेल्या मोसमात इतक्या शर्यती झाल्या, इतक्या होड्या उतरल्या, आभार. त्यावर एकही प्रश्न आला नाही. मंडळी चहाला उठली. दरवाजावर नांगराचे चिन्ह होते, भिंतीवर जुन्या गलबतांची चित्रे होती, काचेच्या कपाटात चांदीचे चषक होते. समुद्र तेवढा खिडकीबाहेर राहिला होता.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. जगातला सर्वांत जुना मानला जाणारा असा क्लब आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात १७२० साली स्थापन झाला. त्याचे तेव्हाचे नियम आजही उपलब्ध आहेत आणि ते वाचताना हसू आवरत नाही. सभासदांची संख्या पंचवीसवर जाऊ द्यायची नाही. ज्याच्यावर मेजवानीची पाळी असेल त्याने मांसाचे दोनाहून जास्त पदार्थ ठेवायचे नाहीत. आणि जेवणानंतर कोणी शिडा-होड्यांविषयी बोलू लागला तर त्याला दंड, तोही काठोकाठ भरलेल्या पेल्याचा! म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही जेवणघर आणि समुद्र यांच्यात ओढाताण होतीच. फरक एवढाच, की कॉर्कच्या मंडळींना जेवणाच्या टेबलावर होडीविषयी बोलणे थांबवण्यासाठी नियम करावा लागला. आज अनेक क्लबांना ते सुरू करण्यासाठी नियम करावा लागेल.

मुंबईचा क्लब १८४६ चा. १८७६ मध्ये त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली आणि तो रॉयल बॉम्बे यॉट क्लब झाला. अपोलो बंदरावरचे त्याचे जुने क्लबगृह पुढे अणुऊर्जा खात्याकडे गेले. आजही त्या इमारतीला ‘ओल्ड यॉट क्लब’ म्हणतात, आणि अणुशास्त्राचा पत्ता सांगताना शिडाचे नाव घ्यावे लागते, ही मुंबईच्या इतिहासातली एक गोड गंमत आहे. क्लब शेजारच्या दगडी निवासी इमारतीत गेला. गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये बांधून पूर्ण झाले, म्हणजे हा क्लब त्या कमानीपेक्षाही वयाने मोठा. इंग्रजांच्या काळात तिथे हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. होडीवर तो असे. दोर ओढायला, नांगर उचलायला, साहेबाच्या हाताशी. सभासदांच्या यादीत नसे. हा इतिहास कटुता उगाळण्यासाठी सांगत नाही. त्यात आजच्या प्रश्नाचे एक टोक आहे म्हणून सांगतो. ज्या क्लबात काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे अशी वाटणी पहिल्यापासून आहे, तिथे स्वातंत्र्यानंतर नावे बदलली तरी वाटणी बदलायला वेळ लागतो. साहेब गेला, साहेबी खुर्ची राहिली.

क्लबाचा सभासद आणि हॉटेलचे गिऱ्हाईक यांत फरक काय? दोघेही पैसे भरतात. दोघेही तक्रार करतात. गिऱ्हाईकाची तक्रार असते की मला मिळाले नाही. सभासदाची असते की आपल्याकडे झाले नाही. बाहेरून हा फरक दिसत नाही; पण ज्या क्लबात ‘आपल्याकडे’ हा शब्द ऐकू येईनासा झाला, तिथल्या चिटणिसाने सावध व्हावे. वर्गणीच्या पावतीतून हा शब्द येत नाही. प्रवेशशुल्क जितके मोठे तितका तो दूर जातो, असे आमचे निरीक्षण आहे. कारण भरभक्कम रक्कम मोजून आत आलेल्या माणसाला वाटते, आता माझी बाजू पुरी झाली, यापुढे तुम्ही द्या. अशा माणसाला सोयी वाढवून धरून ठेवायला जाल तर तो आणखी सोयी मागेल. शहरात त्याहून बऱ्या सोयीची हॉटेले रोज उघडत असतात. त्या स्पर्धेत क्लब कधीच जिंकणार नाही.

त्याला काम द्या. आमचे म्हणणे एवढेच आहे, बाकी सारा तपशील आहे. पण तपशीलच इथे मोलाचा, म्हणून तो थोडा पसरून सांगतो.

शिडाच्या होड्यांची एक साधी रविवारची शर्यत घ्या. पाण्यावर दहा होड्या आहेत. शर्यत घ्यायला किती माणसे लागतात? सुरुवातीची रेषा दोन टोकांमध्ये आखलेली असते : एका टोकाला पंचांची बोट, दुसऱ्या टोकाला बोया. सुरुवातीला पाच मिनिटे असताना होड्यांच्या वर्गाचा झेंडा वर जातो. चार मिनिटे असताना निळ्या कापडात पांढरा चौकोन असलेला दुसरा झेंडा चढतो. एक मिनिट उरले की तो उतरतो आणि लांब भोंगा वाजतो. शून्यावर पहिला झेंडा उतरतो आणि शर्यत सुटते. एकाने घड्याळ धरायचे, एकाने झेंड्यांच्या दोऱ्या, एकाने भोंगा. एकाने रेषेवर डोळा ठेवून कोणती होडी भोंग्याच्या आधी पुढे गेली ते टिपायचे. एकाने प्रत्येक होडीचा आकडा आणि वेळ लिहायची. वारा फिरला की बोये हलवायला एक मोटरबोट लागते. कलंडलेल्या होडीजवळ पोचायला दुसरी लागते आणि तिच्यावर निदान दोघे पोहणारे. शर्यतीनंतर कोणी कोणाविरुद्ध तक्रार केली तर ती ऐकून निवाडा देणारे तिघे. दहा होड्यांसाठी ही सारी माणसे झाली. यातल्या एकालाही होडी चालवता आलीच पाहिजे असे नाही. घड्याळ वाचता येणारी आजी चालते. आकडे नीट लिहिणारा निवृत्त बँक कर्मचारी तर सोन्याच्या मोलाचा.

आता पाहा, बहुतेक क्लबांत हे सारे कोण करते? पगारी माणसे आणि कार्यकारिणीतले तेच ते चार-पाच उत्साही. उरलेले सभासद वरच्या गच्चीतून दुर्बीण लावून पाहतात, किंवा तेही नाही. ब्रिटनमधल्या छोट्या छोट्या गावांतल्या सेलिंग क्लबांत यावर एक साधा तोडगा आहे. सभासदत्वाबरोबर वर्षातले काही दिवस ड्यूटी ठरलेली असते. कधी पंचांच्या बोटीवर, कधी बचावबोटीवर, कधी चहाच्या खिडकीमागे. ज्याच्या नावाची पाळी, त्याने यायचे. जमत नसेल तर अदलाबदल स्वतः करायची. त्या क्लबांकडे ना दगडी इमारत असते ना गालिचे. तळ्याकाठी एक शेड, एक किटली आणि फळ्यावर टांगलेली पाळ्यांची यादी. पण त्या यादीमुळे प्रत्येकाला वर्षातून चार-पाच वेळा हे कळते, की आपण गेलो नाही तर आज शर्यत सुटणार नाही.

आपली आवश्यकता आहे हे कळणे, ही माणसाला धरून ठेवणारी सर्वांत बळकट दोरी. आपल्याकडे हे नवीन नाही. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळात जो पोरगा पहिल्या वर्षी नुसता आरतीला येतो, तो दुसऱ्या वर्षी येतोच असे नाही. पण ज्याच्या हाती मांडवाचा एक बांबू धरायला दिला, तो पुढची वीस वर्षे हटत नाही. हौशी नाट्यसंस्थेत पडदा ओढणारा माणूस नटापेक्षा जास्त वर्षे टिकतो. सार्वजनिक ग्रंथालयांची जी काही धुगधुगी आहे, ती पुस्तकांवर कव्हरे चढवायला येणाऱ्या दोघाचौघांमुळे आहे.

शिडाच्या क्लबांत दुसरा एक प्रश्न आहे आणि तो फारच हास्यास्पद आहे. होडी असलेल्या सभासदाची तक्रार असते की माणसे मिळत नाहीत. मुंबई बंदरात वर्षानुवर्षे शर्यती लावणाऱ्या लाकडी ‘सीबर्ड’सारख्या होडीला एकट्याने नेता येत नाही. सुकाणूवर एक, पुढच्या शिडाला एक, वजन सावरायला आणखी एखादा, असा मेळ लागतो. शनिवारी रात्री मालक फोन लावत बसतो. त्याच वेळी, त्याच क्लबात, होडी नसलेल्या नव्या सभासदाची तक्रार असते की मला कोणी पाण्यावर नेत नाही. तो सहा महिने गच्चीत बसतो, मग फक्त जेवायला येतो, मग फक्त पाहुणे आले की येतो. या दोघांच्या तक्रारी एकाच सेक्रेटरीच्या कानावर दोन वेगवेगळ्या दिवशी पडतात. त्या एकमेकींना भेटवायचे काम कोणाकडेच नसते. सूचनाफलकावर ‘इच्छुकांनी नाव नोंदवावे’ असा कागद लावून ते होत नाही. नवा माणूस लाजतो. त्याला वाटते, आपण पाण्यात पडलो, चुकीचा दोर सोडला, तर हसतील. त्याला कोणीतरी नावाने हाक मारून म्हणावे लागते, ‘काका, रविवारी सकाळी आठला या, पांढऱ्या तळाचे बूट घाला, बाकी मी सांगतो.’ एवढ्यावर क्लब तरतो.

आणि तो आला की पहिल्याच दिवशी त्याच्या हाती दोर द्या. पुढच्या शिडाचा दोर चुकीचा ओढला म्हणून कोणी मरत नाही, शर्यत हातची जाते एवढेच. ज्याला ‘बसा इथे, डोके सांभाळा’ एवढेच सांगितले जाते, त्याला समुद्र म्हणजे ओले कपडे आणि मळमळ एवढेच आठवते. ज्याच्या तळहाताला दोराची आग झाली, तो सोमवारी कचेरीत ती दाखवत फिरतो.

शर्यतीत शेवटी येणाऱ्याचेही ऐकले पाहिजे. प्रत्येक क्लबात दोन-तीन होड्या कायम पुढे असतात आणि चषक त्यांच्यातच फिरतात. मागच्या होड्या एक-दोन मोसम येतात आणि मग एक दिवस त्यांच्यावर ताडपत्री कायमची पडते. हे टाळायला जुन्या मंडळींनी फार हुशार उपाय शोधले आहेत. ‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’ नावाच्या पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या होडीला तिच्या वेगाप्रमाणे एक आकडा असतो आणि लागलेला वेळ त्या आकड्याने दुरुस्त केला जातो. म्हणजे संथ होडी पाण्यावर मागे राहूनही कागदावर जिंकू शकते. काही क्लब माणसागणिक अशीच सवलत ठेवतात. वर्षातून एका दिवशी सर्वांत हळू होडी आधी सोडून बाकीच्या मागाहून सोडण्याची शर्यतही घेतात. त्या दिवशी सारे एकदमच किनाऱ्याला टेकतात आणि कोण जिंकले यापेक्षा कोण किती थोडक्यात हुकले याच्या गोष्टी रात्री उशिरापर्यंत चालतात. हे किरकोळ वाटेल. पण बक्षीस समारंभाला कोण येते आणि कोण येत नाही, हे पाहून क्लबाची प्रकृती सांगता येते. शेवटच्या होडीवरची मंडळी हजर असतील तर निश्चिंत राहा.

या खेळाची एक रीत आम्हाला फार आवडते. शर्यतीच्या नियमपुस्तकातला पहिलाच नियम सांगतो, की संकटात सापडलेल्या माणसाला वा होडीला शक्य ती सर्व मदत केली पाहिजे. जिंकण्याचे नियम त्यानंतर येतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू आपल्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर असताना वाट सोडून वळला, आणि उलटलेल्या होडीच्या सिंगापूरच्या दोन खेळाडूंना त्याने पाण्यातून वर काढले. पंचांनी त्या शर्यतीत त्याला दुसराच क्रमांक दिला. पदक हुकले, पण ऑलिंपिक समितीने त्याचा स्वतंत्र गौरव केला. त्याचे वळणे शौर्याचे होतेच; आणि ते नियमाप्रमाणेही होते. ज्या खेळात पाण्यावर सहसा शिट्टी फुंकणारा कोणी नसतो, चूक झाली तर आपणच आपल्या होडीला गिरक्या घालून दंड भोगायचा असतो, त्या खेळाच्या क्लबात सभासदांवर विश्वास टाकायला कार्यकारिणी का घाबरते, हे आम्हाला उमगलेले नाही. पंचांच्या बोटीची किल्ली नव्या सभासदाच्या हाती द्यायची तर तीन ठराव लागतात.

आता मुलांविषयी. १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी एका सेवाभावी मंडळाला गावातल्या पोरांसाठी काहीतरी हवे होते. त्याआधी ती पोरे खोक्यांच्या गाड्या करून उतारावरून सोडत. पण गाडी एकदा खाली आली की संपले. गावाला पाणी आहे तर होडी का नको, असे कोणी सुचवले. क्लार्क मिल्स नावाच्या स्थानिक होडी बांधणाऱ्याने प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून निघेल अशी, पुढून चपटी, पेटीसारखी दिसणारी जेमतेम पावणेआठ फुटांची होडी आखून दिली. मंडळाचे नाव होते ऑप्टिमिस्ट, तेच होडीला पडले. आज पंधरा वर्षांपर्यंतची जगभरची मुले त्या पेटीतून शिकतात. या होडीचे खरे यश तिच्या आखणीपेक्षा तिच्या मापात आहे. ती मुलाच्या मापाची आहे. बाप तिच्यात मावत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सुकाणूही पोराचे आणि निर्णयही पोराचाच. बापाने किनाऱ्यावर उभे राहून हात चोळायचे. मग त्याच हातांना कोणी झेंड्याची दोरी द्यावी.

आपल्याकडे हा खेळ श्रीमंतांचा, अशी समजूत घट्ट आहे, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण तिला तडे गेले आहेत. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकलेली, देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली नेहा ठाकूर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांतून रौप्यपदक घेऊन आली. मध्य प्रदेशाला समुद्र नाही, हे लक्षात घ्या. हैदराबादच्या हुसेनसागरावर २००९ पासून उभ्या राहिलेल्या क्लबाने गरीब वस्त्यांतल्या शाळांची मुले होडीत बसवली, आणि ती मुले राष्ट्रीय स्पर्धांत उतरू लागली. मुंबईचे काय? १९८२ च्या आशियाई स्पर्धा दिल्लीत होत्या, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. लांबलचक किनारपट्टी म्हणून मिरवणाऱ्या महाराष्ट्राने तलावाकाठच्या दोन शहरांकडून धडे घ्यावेत, अशी वेळ आली आहे.

पावसाळ्यातल्या कामाकडे परत येऊ, कारण आज होड्या तिथेच आहेत. मोसम संपला की क्लब चार महिने झोपतो आणि सभासदही. ऑक्टोबरमध्ये जागे करायला जावे तर निम्मे परत येत नाहीत. खरे तर जोडून घेण्याचे दिवस हेच. तळ खरवडणे, लांबी भरणे, वॉर्निश, जुन्या दोरांची टोके गुंडाळून शिवणे, शिडाला ठिगळ लावणे ही कामे पगारी खलाशांवर सोडून दिली जातात, आणि मग भर वाऱ्यात एखादी खीळ निसटली की सभासद खलाशाकडे पाहत राहतो. याच्या उलट उदाहरण पाहा. नौदलाचे व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी घेतला. दिलीप दोंदे यांनी नौदलातून त्यासाठी हात वर केला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही होडी बांधली गेली. दोंदे तिच्या बांधणीत पहिल्यापासून गुंतलेले होते. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून मे २०१० मध्ये ते परत आले. एकट्या माणसाला भर समुद्रात काही मोडले तर दुरुस्त कोण करणार? ज्याने ते बसताना पाहिले तोच. क्लबातला रविवारचा खलाशी काही केप हॉर्नला वळसा घालणार नाही. पण ज्या होडीला त्याने श्रावणात सँडपेपर मारला, तिच्याकडे ऑक्टोबरमध्ये तो वेगळ्या नजरेने पाहतो, आणि तिला ओरखडा गेला तर त्याला लागते.

हे सारे सांगताना एक आरसा उत्साही मंडळींसमोरही धरला पाहिजे. दर क्लबात पाच-सहा जण असतात, जे सारे करतात. आणि कोणी दुसरे करत नाही अशी तक्रारही तेच करतात. त्यांची निष्ठा वादातीत. पण नवा माणूस झेंडा बांधायला गेला तर ‘तसे नाही’ म्हणून त्याच्या हातातून दोरी काढून घेणारेही तेच. गाठ वाईट बसली तर बसू द्यावी. पुढच्या वेळी नीट बसेल. काम देताना त्याला शेवटची तारीखही द्यावी. ‘सेलिंग समितीवर या’ म्हटले की माणूस पळतो, कारण त्याला त्यातून बाहेर पडायची वाट दिसत नाही. ‘नोव्हेंबरमधले दोन रविवार निकाल लिहा’ म्हटले की येतो. आणि जुन्या कमोडोरने, म्हणजे क्लबाच्या प्रमुखाने, पद सोडल्यावर निदान एक मोसम बचावबोटीवर पोऱ्याचे काम करावे. त्याने होणारा परिणाम दहा भाषणांनी होत नाही.

जेवणघराशी आमचे वैर नाही. ते वैर परवडणारेही नाही. बचावबोटीत जे डिझेल पडते ते बहुधा जेवणघरातल्या गल्ल्यातून येते, हे कोणताही खजिनदार सांगेल. सेलिंग करणाऱ्यांनी जेवायला येणाऱ्यांना नाके मुरडली की क्लबाचे दोन तट पडतात आणि दोन्ही बुडतात. गच्चीत बसणाऱ्या त्या मंडळींतच घड्याळ वाचणारी आजी आहे आणि आकडे लिहिणारा बँकवाला आहे. माशाच्या ताटाच्या दराचा प्रश्न संपला की त्यांना विचारा.

शेवटी तांडेलांकडे वळू. क्लबांच्या होड्या सांभाळणारे, पाण्यात बांधून ठेवण्याच्या जागेपर्यंत नेणारे, वादळाची चाहूल लागताच काहीही न बोलता जादा दोर बांधणारे हात बहुतेक कोकण किनाऱ्यावरचे. त्यांच्यातल्या जाणत्याला भरतीची वेळ विचारा. तो मोबाइल काढत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. थोडे मागेपुढे होते, पण हिशेब फसत नाही. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान, कोणत्या खडकावरून पाणी कधी फिरते, ढग कसा दिसला म्हणजे शीड अर्धे करावे, हे त्याला ठाऊक असते. जे क्लब हजारो रुपये देऊन परदेशी प्रशिक्षक आणतात, त्यांनी मोसमातली एक संध्याकाळ त्याला खुर्ची देऊन, चहा देऊन, सभासदांसमोर बोलायला बसवावे. पूर्वी यादीत ज्याचे नाव नव्हते, तो माणूस तिथे शिकवणारा म्हणून बसेल. त्याची मुलगी ऑप्टिमिस्टमध्ये बसायला आली तर शुल्क कोणाच्या खात्यात लिहायचे, हा प्रश्न वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर घ्यावा. पडद्यांचा विषय नंतर घेता येईल.

आज त्याच हिशेबाने दुपारच्या आतच पाणी भरून येईल. नारळ मात्र संध्याकाळी जातील, पाणी ओसरल्यावर. ताडपत्रीखालच्या होड्या आहेत तशाच राहतील. ऑक्टोबरच्या पहिल्या शर्यतीला पंचांच्या बोटीवर घड्याळ धरायला एक माणूस लागणार आहे. पाळ्यांच्या यादीत त्या रकान्यात अजून कोणाचे नाव नाही.